अक्षता परब कोणाबरोबर पळाली

अक्षता परब पळून गेली, असं आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत एका गणपतीच्या आधी कुजबुजलं जाऊ लागलं. कोणाबरोबर, यावर मात्र मजल्यागणिक मतभेद होते. तळमजल्याच्या मते तो बास्केटबॉलचाच कुणी पंच होता. पहिल्या मजल्याने वसईचा रिक्षावाला पक्का केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या जयंती सामंत निवृत्त शिक्षिका, त्यामुळे त्यांनी जरा खोलात जाऊन विचार केला आणि सांगितलं, की मुलगा पंजाबी असणार. तेवढ्या उंचीचा दुसरा मिळणार कुठे? हे सगळ्यांना पटलं.

उंचीचा मुद्दा खराच होता. अक्षता सहा फुटाला दोन बोटं कमी. बाप राजाराम मात्र बेताचा. कुडाळकडचा माणूस, मिल बंद पडल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागलेला. आई मालन त्याच्याही खांद्याला. मग ही उंची आली कुठून, याचाही आम्ही एके काळी पुष्कळ काथ्याकूट केला होता. एकदा राजारामचा मामा गावाहून आला आणि परबांच्या दारात शिरताना त्याने कपाळ आपटून घेतलं, तेव्हा कुठे तो विषय मिटला.

शाळेच्या पीटीच्या बाईंनी तिला बास्केटबॉलच्या मैदानावर नेलं, आणि तिथून ती अंधेरीला देवेश सरांच्या कोर्टवर गेली. रिंगवर आपटून परत आलेला चेंडू खाली यायच्या आत हवेतच पकडायचा, ही तिची खासियत. बाकीच्या मुली वर बघत असायच्या आणि चेंडू हिच्या हातात. मालनला कोणी कौतुकाने विचारलं, की ती म्हणायची, "माळ्यावरचे डबे काढून काढून सवय झाली तिका."

देवेश सरांनी तिच्यासाठी एक मोठं स्वप्न धरून ठेवलं होतं. फोर्टात एक मोठं सरकारी खातं आहे, त्याचा स्वतःचा महिला संघ आहे. त्या संघात जी मुलगी जाते तिला नोकरी मिळते. शरीर साथ देईल तोवर खेळायचं, नंतर टेबल सांभाळायचं. मुलींनी बास्केटबॉलवर पोट भरायची आपल्याकडे वाट असेल तर ती एवढीच. पुढच्या वर्षी तिथे जागा भरायच्या होत्या, आणि निवड चाचणीला अक्षताला बोलावणं येणार हे जवळजवळ ठरलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच एका क्लबच्या सामन्यात ती उडी मारून खाली आली ती वाकड्या पायावर. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल. पुन्हा खेळायला वर्ष तरी जाईल.

देवेश सर परबांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"मालनताई, हे बाहेर कळता कामा नये. गुडघा गेलेली मुलगी असं एकदा नाव झालं, की चाचणीला बोलावणारच नाहीत. बरी होऊन ती कितीही झकास खेळू दे, बघणार कोण?"

"कळता कामा नये?" मालन म्हणाली. "हयसर ऱ्हवून?"

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या मजल्यावरचा नंदकुमार राऊळ त्याच खात्यात कारकून. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट फोर्टला पोचायला एक चहा पुरतो. त्यातून आमच्या सोसायटीत आजारपण लपवणं म्हणजे अशक्यच. कोणी आजारी पडलं, की माणसं सफरचंदं घेऊन येतात आणि एक्स-रे खिडकीशी धरून बघितल्याशिवाय उठत नाहीत. नंदकुमार तर डॉक्टरांचा नंबरही मागून घेतो.

"तू मुलुंडाक जा मावशीकडे," मालनने लेकीला सांगितलं. "हयलां मी बघतंय."

अक्षता पहाटे रिक्षात बसून गेली. आणि आठवड्याभरात ती पळाल्याची कुजबुज सुरू झाली.

आता आमच्याकडची रीत अशी, की आजाऱ्याच्या घरी सगळे जातात, पण पळालेल्या मुलीच्या घरी कोणी जात नाही. तिथे काय बोलायचं? सफरचंद तरी कशासाठी न्यायचं? जिन्यात गाठ पडली तर पाणी किती वाजता येतं एवढं विचारायचं आणि वर जाऊन बाकीचं बोलायचं. परबांची बेल वाजायची बंद झाली. नंदकुमारने फोर्टातही ही बातमी सांगितली म्हणे. तिथल्यांनी हसून सोडून दिली. तरण्या मुली पळतातच, आणि परतही येतात.

त्या वर्षी राजारामने मंडळाच्या गणपतीची आरती धरली नाही. वर्षानुवर्षं तबक त्याच्या हातात असायचं. मंडळातला दत्ताराम तांबे त्याला बोलवायलाही गेला, तर हा म्हणाला, "तूच धर रे, माझा हात दुखतोय." हात कसला दुखतोय. त्या तबकाभोवती सगळी सोसायटी उभी असते आणि सगळे तबक धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

मालन मात्र सगळीकडे जायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जयंतीबाईंनी वाण देता देता धीर केला.

"मालन, जावई काय करतो गं?"

"मेहनती आसा."

"दिसायला?"

"माका अजून नीट दिसलो नाय," असं म्हणून मालनने तिळगूळ तोंडात टाकला. बायकांनी आपापली वाणं पिशवीत भरली. जयंतीबाईंना मात्र तो पंजाबी असल्याची आता खात्रीच पटली.

दर रविवारी डबा घेऊन मालन मुलुंडला जायची. व्याह्यांशी जमवून घ्यायला जाते, असं आम्ही समजायचो. तिथे मावशीच्या तळमजल्यावरच्या खोलीत अक्षता पायाला वाळूची पिशवी बांधून तो वर उचलायची, खाली ठेवायची. मधल्या वेळात गादीवर उताणी पडून चेंडू छताकडे उडवायची. छताला डाग पडले म्हणून मावशी कुरकुरायची. एका रविवारी तिने चेंडू बाजूला ठेवला.

"आई, बाबांनी आरती धरली नाही म्हणे."

"तुका कोणी सांगितल्यान?"

"बाबांनीच. फोनवर. हसत सांगत होते. मला नको हे असलं. मी येते आणि सगळ्यांना सांगते काय झालंय ते."

"सांग ना. कोणी नको म्हटल्यान? चाचणी झाल्यावर सांग." मालनने डबा उघडला. "आरती पुढल्या वर्षीय आसता. ह्या बोलावणा परत येवचा नाय. जेव आधी."

अक्षता जेवली. मग पुन्हा पिशवी बांधली.

बोलावणं आलं. चाचणीला राज्यभरातून उंच मुली आल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच अक्षताला आपण गर्दीत आहोत असं वाटलं. पहिली काही मिनिटं ती नुसतीच पळाली, उडी मारायला पाय तयार होईना. मग एक चेंडू रिंगवर आपटला आणि सवयीने हात वर गेले. खाली उतरल्यावर तिने गुडघ्याकडे पाहिलं. तो जागेवर होता. त्यानंतरचे बरेच चेंडू दुसऱ्या कुणाला मिळाले नाहीत.

संपल्यावर ती निवड करणाऱ्या बाईंकडे गेली आणि ट्रॅकपँट वर करून व्रण दाखवला. "मॅडम, आधी सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलं नसतंत."

"मला दिसलं ते," बाई म्हणाल्या. "त्या पायावर उतरताना अजून घाबरतेस. ते काढून टाक. डॉक्टरांकडून तपासून घेऊ, मग बघू."

डॉक्टरांनी पाय वाकवून, फिरवून पाहिला आणि हो म्हटलं. अक्षताला नोकरी लागली.

मग ती बोरीवलीला आली आणि कबूल केल्याप्रमाणे दारोदार पेढे वाटत खरं सांगत सुटली. गुडघा, ऑपरेशन, मुलुंडची मावशी, सगळं. लोकांनी पेढे घेतले. पण गुडघ्यात कोणाला गोडी? व्रण दाखवला तेव्हा जयंतीबाई खिन्नपणे म्हणाल्या, "मारायचा का गं?"

पुढे ती त्या संघाची कप्तान झाली, राज्याकडून खेळली, गावोगावच्या वसतिगृहांतलं पातळ वरण जेवली. गळ्यात पदकं पडली, दुसऱ्या गुडघ्यालाही पट्टा आला. तिशीत तिने घाटकोपरच्या निलेशशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका आणि त्याचं त्याला काहीच नाही. लग्नात अर्ध्या सोसायटीची समजूत, की हे दुसरं. दत्तारामने नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही फार मोठ्या मनाचे." निलेश अजून विचारतो, कशाबद्दल?

गेल्या वर्षी ती खेळातून निवृत्त झाली. आता फोर्टात टेबल आहे, आणि संध्याकाळी देवेश सरांच्या कोर्टवर मुलींना ती उडी मारून खाली कसं उतरायचं ते शिकवते. गणपतीत मंडळाने तिचा सत्कार केला. तबक राजारामच्या हातात होतं, ते तर तिला नोकरी लागली त्या वर्षीपासूनच परत त्याच्याकडे आलंय. नंदकुमारने भाषण केलं, की या मुलीवर माझा पहिल्यापासून विश्वास होता. टाळ्या चालू असताना जयंतीबाई मालनच्या कानाशी झुकल्या.

"आता तरी सांग गं. पंजाबीच होता ना?"

मालन म्हणाली, "प्रसाद घेतलास?"

अक्षता कोणाबरोबरही पळाली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती मुलुंडला मावशीकडे होती. आणि ती पळून गेली असं नंदकुमारच्या बायकोला जिन्यात पहिल्यांदा सांगितलं ते मालनने.