गप्पांपुरतं तमिळ

मालतीबाईंच्या निखिलचा फोन आला तेव्हा माझा वर्ग चालू होता, म्हणून उचलला नाही. दुपारी मीच लावला. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला... मालतीबाईंना चेन्नई सोडून सांगलीला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

नुंगंबाक्कमच्या एका ग्रंथालयात दर शनिवारी मी शहरात नव्याने आलेल्यांना बोलण्यापुरतं तमिळ शिकवते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे. माझी मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. वर्गाला येतात ती बहुतेक आयटीतली मुलं. रिक्षावाल्याशी घासाघीस जमू लागली की येईनाशी होतात. मालतीबाई तशा नव्हत्या. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, पेरुंगुडीच्या उंच इमारतीत राहायला आल्या होत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाव विचारायला बोटं पुरतात हो. मला गप्पा मारायला शिकवा."

शिकल्याही. चुकत, पण न लाजता. "साप्टिंगळा?", म्हणजे जेवलात का, असं विचारत त्या ओळखी करत गेल्या. साध्या बसला बायकांना तिकीट पडत नाही हे कळल्यावर तर त्या घरात टिकेनात. वर्ग सुटला की आम्ही दोघी निघायचो. कधी सावकारपेठेच्या गल्लीत जिलबी खायला, कधी तिरुवल्लिकेणीचं देऊळ करून समुद्रावर, तर कधी रॉयपुरमला मासळीचा लिलाव बघायला. माझा जन्म या शहरात गेला, पण रॉयपुरम मी पाहिलं ते त्यांच्यामुळे. पुढे मालतीबाई इमारतीत नवीन आलेल्या बायकांनाही बरोबर आणू लागल्या. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी कुठल्या खिडकीवर मिळते, शाळेत प्रवेशासाठी कुणाला भेटायचं, हे आता त्याच सांगायच्या.

मग निखिलची जर्मनीला बदली झाली. फ्लॅट सोडायचा आणि मालतीबाईंनी सांगलीला दिरांकडे राहायचं, असं ठरलं. माझी वरची खोली रिकामी होती. इथेच राहा, मी म्हटलं.

"मुलगा परदेशी आणि आई परक्याच्या घरी... लोक त्याला नावं ठेवतील, रुक्मिणीताई."

मी पुढे आग्रह धरला नाही. त्यांच्या घरातल्या गोष्टीत आपण किती पडायचं, असं वाटलं. सांगलीहून त्यांचे फोन यायचे. इथे सगळे मराठीच बोलतात, पण माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नाही, असं एकदा म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला.

दिवसकार्य आटोपून, जर्मनीला परतण्याआधी निखिल इथे येऊन गेला. आई कुठे कुठे जायची ते दाखवा म्हणाला. बसमध्ये मी त्याला खोलीचं सांगितलं.

"मला ती काहीच बोलली नाही, मावशी. मी नाही म्हटलं नसतं."

तिरुवल्लिकेणीला देवळाबाहेर सेल्वी फुलं विकते. मला बघून तिने विचारलं, मराठी अम्मा दिसल्या नाहीत बरेच दिवस? हा त्यांचा मुलगा, मी सांगितलं. पुढचं मात्र तोंडातून निघेना. ऊरला गेल्यात म्हटलं, म्हणजे गावाला. सेल्वीचा चेहरा खुलला. हातभर मोगरा मोजून तिने निखिलच्या ओंजळीत ठेवला, पैसे घेतले नाहीत, आणि त्यालाच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय ती?" निखिलने मला विचारलं.

"विचारतेय... आई परत कधी येणार."