पाठमोरे फोटो काढणारी जया

वाचनालयाच्या अंकासाठी ओळखीच्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहा, असं मला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तहसील कचेरीत चौतीस वर्षं टिपण्या लिहिल्या, त्यापलीकडे माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही. पण जयाबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

देवळीत आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत जया डिझाइनचं दुकान चालवते. मूळची अल्लीपूरची. नागपूरला चित्रकलेचं शिकली, पुण्याला एका जाहिरात कंपनीत तीन वर्षं होती, वडील आजारी पडले तेव्हा परत आली आणि मग इथेच राहिली. लग्नपत्रिका, बियाण्याच्या दुकानांची पत्रकं, पतसंस्थेची दिनदर्शिका, वाढदिवसाचे बॅनर. बॅनरवर खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे असतात, आणि प्रत्येकाला आपला चेहरा शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठा हवा असतो. जया ते सगळं हसत करते. मजकूर छापायला जाण्याआधी मी एकदा वाचून देतो, एवढाच माझा संबंध.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी ती स्कूटीवरून आंजीला आजोळी जाते आणि वावरातून फिरत फोटो काढते. हे फोटो कोणी मागितलेले नसतात. वखर धरलेला माणूस, पाण्याला निघालेल्या बाया, पाराजवळ बसलेले म्हातारे. मात्र सगळे पाठमोरे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काका, समोरून कॅमेरा धरला की माणूस कडक होते. अन् मलेच लाज वाटते, कोणाच्या तोंडाकडे असं पाह्यची."

गेल्या वर्षी तिने स्वतःच्या मनाने एक दिनदर्शिका केली. बारा महिने, बारा पाठी. वाकलेली, ताठ, घामाने सदरा चिकटलेली, पोर बांधलेली. मला ती फार आवडली. दुकानात आलेल्या एकाने मात्र पान उलटून मागे पाहिलं आणि म्हणाला, "तोंडं मागच्या बाजूले हायेत काय?" जया हसली, पण त्यानंतर ती दिनदर्शिका तिने कोणाला दाखवली नाही.

या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, आंजीच्या रुख्माबाई वारल्या. त्यांची मुलगी सपना इथे देवळीत दिलेली. तेरवीला पाच दिवस उरले असताना तिचा भाऊ चंदन जयाकडे आला. हार घालायला मोठा फोटो आणि चौकासाठी बॅनर करायचा होता, पण रुख्माबाईंचा फोटोच नव्हता. मोबाईल दिसला की त्या पदर तोंडावर घेत. मुलीच्या लग्नाच्या अल्बमातही त्या नाहीत, कारण त्या दिवशी दिवसभर त्या चुलीपाशी होत्या. शेवटी आधार कार्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो मिळाला. कार्डावरचं प्लास्टिक घासलेलं, चेहऱ्यावर सगळीकडे ओरखडे आणि ठिपके.

"माय सावळी होती ताई," चंदन म्हणाला. "थोडी उजळ करजा. चौकात लागते, सोयरे येतीन."

अशी कामं जयाने शेकड्याने केलेली. तिने ठिपके पुसले, सुरकुत्या हलक्या केल्या, एक डोळा बारीक होता तो दुसऱ्याएवढा केला, फाटक्या काठाच्या लुगड्याऐवजी हिरवं लुगडं नेसवलं, मागे आकाशी रंग भरला. दुसऱ्या दिवशी बहीण-भाऊ दोघं आले. मी पत्रिका वाचत कोपऱ्यात बसलो होतो.

चंदन खूश झाला. सपना संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिली.

"हे कोन होय?"

"माय होय. अजून कोन?"

"तुयी असन. मायी नाई."

"पाह्य वं नीट. किती साजरी दिसून राह्यली."

"साजरी दिसून राह्यली म्हणूनच म्हणतो. हिच्या कपायावरचं गोंदण कुठं गेलं? हनुवटीवरचं?"

जयाचा हात माऊसवर थांबला. कार्डावरच्या ठिपक्यांबरोबर तिने गोंदणही पुसलं होतं. डाग दिसला की काढायचा, ही या धंद्यातली हाताची सवय. तिच्या स्वतःच्या आजीच्या कपाळावर गोंदण आहे. तरी तिच्या लक्षात आलं नाही, हे तिने मला नंतर तीन-चारदा सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. "आंजीच्या वावरातले फोटो हायेत मायाजवळ. वेचणीचे. त्यात तुमची माय असन."

तिने ते फोटो एकामागून एक दाखवायला सुरुवात केली. पांढरं वावर आणि ओळीने वाकलेल्या बाया. दहा-बारा फोटो झाल्यावर सपना खुर्चीतून उठली.

"हे! हे माय!"

"कशावरून?" चंदनने विचारलं.

"ओटी पाह्य न. डावीकडे लोंबते तिची. किती डाव सांगितलं, नीट बांध म्हणून." कापूस भरायला कमरेला बांधलेला तो पदराचा झोळा तिने पडद्यावर बोटाने दाखवला. "आता पुढचा काढा ताई."

पुढचाही पाठमोरा होता. त्यापुढचाही. रुख्माबाई अकरा फोटोंत होत्या आणि अकराही फोटोंत पाठच होती.

"तोंड काऊन नाई घेतलं, ताई?"

सपनाच्या आवाजात राग नव्हता, तिने साधं विचारलं होतं.

"आता काय पाठीले हार घालाचा?" चंदन म्हणाला. "राहू दे वं. आहे तोच ने. लोकायले काय समजते?"

"मले समजते न. रोज भिंतीवर मीच पाहीन का नाई? बिनओळखीच्या बाईले नमस्कार करू?"

तो चिडून दाराशी जाऊन उभा राहिला. जयाने खुर्ची ओढून सपनाला शेजारी बसवलं. संगणकावर फोटोचं काम थराथरांत असतं. काचेवर काच ठेवावी तसे थर, आणि हवा तो थर बाजूला काढता येतो. जयाने उजळपणाचा थर काढला. रुख्माबाई सावळ्या झाल्या. सुरकुत्यांवरचा थर काढला. डोळ्याचा काढला, तो पुन्हा बारीक झाला. सपना दर वेळी मान हलवत होती. शेवटी ठिपके पुसलेला थर काढला, आणि गोंदणाबरोबर कार्डावरची सगळी घाणही चेहऱ्यावर परत आली.

"आता तुम्ही सांगा," जया म्हणाली. "एकेक विचारतो. हे?"

"डाग."

"हे?"

"हे गोंदण. हे खालचंही. तिसरं हाय, ते पुसट झालतं, तिकडं पाहा."

"हे गालावरचं?"

"डाग असन. नाई, थांबा. तीळ होय."

"तीळ इकडं होता," दारातून चंदन म्हणाला आणि त्याने आपल्या उजव्या गालाला बोट लावलं.

"मंग तिथून काय सांगतं? जवळ ये न."

तो आला आणि सपनाच्या खुर्चीमागे उभा राहिला. मग दोघांचं सुरू झालं. हे तिच्या हनुवटीचं, नाही, ते प्लास्टिकचं. एका ठिपक्यावरून तर चांगलंच भांडण झालं. माझ्या हातातली पत्रिका तशीच राहिली. जया ते दोघं ठरवतील ते ठेवायची, ठरवतील ते पुसायची.

भुवईवर एक बारीक आडवी रेघ होती.

"हा ओरखडा," सपना म्हणाली. "काढा."

जयाने माऊसचा बाण तिथे नेला.

"थांबा," चंदन म्हणाला. "तो कार्डाचा नाई होय."

सपनाने मागे वळून पाहिलं.

"म्या गोटा मारलता. बोरं पाडाले. ते खाली उभी होती. तू झाली नोहोती तवा. तिनं आबाले सांगितलं, आपणच पायरीवरून पडलो म्हणून."

जयाने बाण बाजूला घेतला.

"मले नाई सांगितलं कधी तिनं," सपना म्हणाली.

"राहू द्या ते, ताई," चंदन म्हणाला. "अन् उजळ नोका करू."

आता चेहऱ्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. जया हिरव्या लुगड्याचा थरही काढायला निघाली, तर सपनाने तिचा हात धरला.

"लुगडं राहू द्या. तेवढं शोभते तिले."

तेरवीला जयाने मलाही सोबत नेलं. मांडवात पाटावर तो फोटो ठेवला होता. लोक येत, फूल वाहत, बसत. वेचणीला रुख्माबाईंच्या जोडीने जाणाऱ्या जयवंताबाई काठी टेकत आल्या आणि फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"रुख्मी होय हे," त्या म्हणाल्या. "डोयाही तिचाच ठेवला, बारीक. कोनं केला?"

चंदनने जयाकडे बोट दाखवलं.

"मंग मायाही आत्ताच काढून ठेव वं पोरी. मेल्यावर हे पोट्टे मले गोरी करतीन."

सगळ्या बाया हसल्या आणि जयवंताबाई त्यांच्यात जाऊन बसल्या. चंदनही हसला, मान खाली घालून.

जयाच्या पिशवीत कॅमेरा होता, तो ती कुठेही सोडत नाही. तिने तो काढला आणि सवयीने जयवंताबाईंच्या मागच्या बाजूला दोन पावलं गेली. मग थांबली, वळून आली आणि त्यांच्यासमोर खाली सतरंजीवर बसली. जयवंताबाईंनी पदर सारखा केला, ओठ घट्ट मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. जया म्हणते तशा अगदी कडक झाल्या.

"असं?"

"नाई मावशी. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"रुख्माबाईचं सांगा काही."

जयवंताबाईंनी थोडा विचार केला. मग पहिल्यांदा दोघी वेचणीला गेल्या तेव्हाचं काहीतरी त्या सांगू लागल्या. जयाने कॅमेरा मांडीवर ठेवला होता आणि ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. पंगत बसली, वाढणाऱ्यांनी आम्हाला दोनदा हाक मारली. मी उठलो. जया उठली नाही.