वादळासाठी गाडी निवडताना

वादळाचा पाठलाग करायला आधी निर्भय मन लागतं, असं मी एकेकाळी गंभीरपणे सांगत असे. परवा ड्रॉवरमधून वारा मोजायचं छोटं यंत्र निघालं आणि जर्मनीत इंगोलश्टाटला राहत होतो तेव्हाचा, आठ-दहा वर्षांपूर्वीचा जुलै आठवला. सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी नोकरीभर हवामान खात्याच्या बंद खोलीत वादळांचे नकाशे काढले होते; मोकळ्यावर उभं राहून एक अख्खं वादळ येताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि परतीचं विमान रविवारचं होतं. मी मोटारींचा इंजिनिअर, त्यामुळे यंत्र घेतलं, गारांसाठी हेल्मेटं घेतली आणि नव्या गाडीसाठी एक्सेलमध्ये चौदा निकष मांडले: काचेचं छप्पर, जमिनीपासूनची उंची, चिखलातली पकड. "जावईबापू, ढग तुमचा तक्ता बघून येणार आहेत का?" सासऱ्यांनी विचारलं. "अरे, माझी गाडी आहे ना," बायको म्हणाली. तिच्या त्या चिमुकल्या गाडीला माझ्या तक्त्यात चौदापैकी दोन गुण होते. शुक्रवारी दुपारी पश्चिमेचं आभाळ दौतीतल्या शाईसारखं झालं. बायकोने वडिलांना आणि दोन घडीच्या खुर्च्यांना त्याच गाडीत कोंबलं आणि बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलींच्या मळ्यांपलीकडे नेलं. ढगांची भिंत डोक्यावर आली, गारा लागायला लागल्या, तरी ते गाडीत बसेनात, असं ती सांगते. सासरे अजून फोनवर त्या ढगांचं वर्णन करतात आणि मी आदराने ऐकतो. ते वादळ आलं तेव्हा मी गाड्यांच्या शोरूममध्ये रबरी पायपुसण्यांचा रंग निवडत होतो.