माझ्या ड्रॉइंगमधला तिचा पूल

इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात रेल्वेच्या पुलांची डिझाइन्स होतात. पूल मात्र उभे राहतात लांब कुठंतरी. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातला नवा रेल्वेमार्ग आमच्याकडं आला, तेव्हा पैसा युरोपातल्या एका गुंतवणूक कंपनीचा होता आणि नदीवरच्या मोठ्या पुलाचं डिझाइन माझं.

माझ्या शेजारी बसणारी इंजिनिअर बेळगावची, मी नागपूरची. ऑफिसात बाकी सगळे कन्नड बोलणारे, मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळं डबा एकत्र खायची सवय झालेली. साइटवर आमच्यातलं कुणीतरी राहायला हवं, असं युरोपातून कळवण्यात आलं आणि दोघींनीही नावं दिली. पूल माझा, म्हणजे मीच जाणार, असं मी धरूनच चालले होते.

दोघींची मुलाखत एकत्रच, व्हिडिओ कॉलवर झाली. पूर आला तर पाया टिकेल का, असं विचारल्यावर मी गणितच मांडून दाखवलं. ती हसून म्हणाली, "मी नदी पाहिलेलीच नाही. आधी बघू द्या."

त्यांनी तिला घेतलं.

"राग आला काय गं?" तिनं नंतर विचारलं.

"छे, राग कशाला?" मी म्हटलं, आणि तिच्या निरोपाला बटरस्कॉच केक मागवला. तो तिला अजिबात आवडत नाही.

मग फोटो यायला लागले. "बघ, तुझा खांब!" असं खाली लिहिलेलं. मी आधी खांब मोठा करून बघायची, मग तिचा उन्हानं रापलेला, खूश चेहरा. साहेब ते फोटो मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर लावायचे. तिचे निरोपही यायचे: इथं खडक वर लागलाय, पाया बदल. दर वेळी तिचंच बरोबर निघायचं. एकदा तरी चुकावी, असं मला फार वाटायचं.

पूल पुरा झाला आणि तिथलं सरकार बदललं. युरोपातल्या कंपनीनं हात काढून घेतला. रूळ टाकायचे राहूनच गेले, ती परत आली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पण डबा खाताना ती सांगायला लागली, "लोक पुलावरून शेळ्या नेतात गं. आधी होडीची वाट बघत बसायचे." सांगताना तिचा डबा तसाच राहिला. मी पोळी चावत राहिले. रुळांविना राहिलेला पूलसुद्धा हिचाच झाला होता.

पुढं आखातातले गुंतवणूकदार आले आणि काम पुन्हा सुरू व्हायचं ठरलं. त्यांनी तिलाच मागितलं. तिच्या आईचं ऑपरेशन होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ती नाही म्हणतेय. तू जाशील?"

ती नाही म्हणाली म्हणून मला विचारतायत, हे गिळून मी होकार दिला.

कॅम्पवर पोचले, तर स्वयंपाकीणबाई माझ्या मागं जीपमध्ये डोकावून बघत होती. "ती नाही आली?" चहात साखर घालताना तिनं मला विचारलं, "स्वल्प?" 'थोडी' हे कन्नडमधून विचारायला तिला माझ्या बेळगावच्या मैत्रिणीनंच शिकवलं असणार. पुलावर शेळ्यांचा मालक भेटला, त्यानंही मैत्रिणीचीच चौकशी केली. पूल मी काढला होता अगदी तसाच होता, आणि तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

तरी रूळ पडले ते माझ्यासमोर. खडी भरलेली पहिली गाडी पुलावरून गेली, तेव्हा मी कठड्याला हात लावून उभी होते. आधी खालून घरघर आली, मग ती हातातून खांद्यापर्यंत चढली.

मी परतल्यावर ती हेब्बाळला माझ्या घरी आली. आईची तब्येत सुधारली होती. स्वयंपाकीणबाई आठवण काढते, हे मी सांगितलं, तेव्हा ती जेमतेम हसली. पहिल्या गाडीचा मी आणलेला व्हिडिओ तिनं दोनदा पाहिला.

"आवाज यात नीट येत नाही गं," ती म्हणाली. "कसा येतो?" आणि मग हळूच, "मी तिथं असायला हवं होतं."

तो सूर मला चांगलाच ओळखीचा होता. तिची कीव यायला हवी होती, पण आली नाही. तिच्या कपात आणखी चहा ओतला आणि ती घरघर कुठून सुरू झाली, हातात कशी आली, कितीतरी वेळ थांबलीच नाही, ते सगळं मी तिला सावकाश, काहीही न गाळता सांगितलं.