तळाचे बारा थर

अर्नाळ्याच्या स्टॅनीचे वडील लाकडी होड्या बांधायचे. तळाला लाकूड जाड हवं, एवढं एकच शास्त्र त्यांनी पोराला शिकवलं. स्टॅनीने ते वालीवच्या कारखान्यात फायबरच्या बोटीला लावलं, आणि तिथेच घोळ झाला.

बोट होती हर्षवर्धन आणि आशालता या निवृत्त नवरा-बायकोची. जाळं टाकायचं नाही, माल न्यायचा नाही. शिडावर आरामात फिरायचं, महिना महिना समुद्रातच राहायचं. म्हणून आत गॅसची शेगडी, दोन बिछाने, गोड्या पाण्याची टाकी. आणि खाली कील, म्हणजे शिशाचं जड पातं. वाऱ्याने बोट आडवी झाली तरी ते तिला पुन्हा उभी करतं. तेच निखळलं तर बोट उलटलीच म्हणून समजा.

कील बोल्टने जिथे धरतात तिथे फायबरचे बारा थर. दिवसाला तीनच द्यायचे आणि निवू द्यायचे. पण स्टॅनीला वाटलं, एका दमात दिले तर जाड लाकडासारखं सगळं एकजीव होईल. बाराच्या बारा एका दिवसात चढवले शहाण्याने! दुपारी थर चिकटवणारं रेझीन आतून तापलं, धूर निघाला. कारखान्याचा मालक उमंग बाहेरगावी होता. स्टॅनीने वरचा करपलेला थर घासून काढला, नवा दिला, रंग मारला. मग रुपयाने ठोकून पाहिलं. चांगलं फायबर टण्ण वाजतं. हे भद्द वाजलं. तरी गप्प बसला. वीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं ना!

बोट गेली, तो आवाज काही गेला नाही. जेवताना ताट ठोकी, चर्चमध्ये बाक ठोकी. सगळं भद्दच वाजे. वारा वाढला की हातातलं काम टाकून किनाऱ्यावर जाऊन उभा राही. त्याची बायको जोआना वैतागायची, "झपाटलंय का तुला?" झपाटलंच होतं. दोन वर्षं बोट दर खेपेला सुखरूप परत आली, आणि दर खेपेला त्याची भीती वाढली.

यंदा बोट रंगकामाला कारखान्यात आली. आशालताबाई खुशीत होत्या. "या वेळी लक्षद्वीप! नात येतेय सोबत, रेवा. सात वर्षांची आहे."

स्टॅनीने बोटीतली कीलवरची फळी उचलली आणि खालच्या फायबरला ग्राइंडर लावला. उमंग ओरडत धावला, "अरे, वेड लागलं का तुला?" त्याने कापणं थांबवलं नाही. आत तपकिरी, करपलेले थर होते. बोटाने ओढला तरी एकेक सुटून हातात येत होता.

"माझ्याच हातचं हाय," स्टॅनी म्हणाला. "पहिल्या दिसापासून म्हाईत होतं. पन बोललो नाय."

आशालताबाईंनी सुटलेला एक थर उचलून हातात घेतला.

"रेवा येतेय म्हटल्यावर सांगितलंत, स्टॅनी," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही दोघंच जात होतो, तेव्हा?"