तसं काही नाही

माझ्या सासऱ्यांना किलिमांजारो चढायचा होता. ते निवृत्त पी.टी. शिक्षक, वय पासष्ट, सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पालथे घातलेले. उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आले. मी ऑफिसातल्या चौघांबरोबर आफ्रिकेला निघालोय हे कळल्यावर जेवताना म्हणाले, "जावईबापू, एखादी जागा आहे का?" जागा होती. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. ते चौघे जर्मन, आणि आठ दिवस त्यांच्याशी सामानाच्या वजनावर चर्चा करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सरावासाठी आम्ही दर शनिवारी ट्रेनने डोंगरात जायचो. सपाटीला ते माझ्या पुढे असत. चढ लागला की मात्र थांबून रानफुलांचे फोटो काढत. त्यांना फुलांची एवढी आवड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरांचा दाखला लागत होता. त्याला इथे अटेस्ट म्हणतात. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच बाबांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाबांना इंग्रजी वाचता येतं, बोलायला संकोच वाटतो, आणि बाईंना जर्मनच बरं पडतं. त्यामुळे दुभाषा मी. ईसीजी सरळ आला. मग बाईंनी फॉर्म काढला आणि विचारलं, चढताना धाप लागते का, छातीत दडपल्यासारखं होतं का? मी ते मराठीत विचारलं.

बाबा क्षणभर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. म्हणाले, "तसं काही नाही."

मराठीत 'काही नाही' आणि 'तसं काही नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली जुनी सवय. 'तसं' म्हटलं की ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं, "म्हणजे नक्की काय होतं?" तीनदा विचारलं की तिसऱ्यांदा खरं बाहेर येतं. मी एकदाही विचारलं नाही. कारण बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की उत्तर हो असेल तर त्या कार्डिओलॉजिस्टकडे पाठवतील, आणि त्यांचं टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला दीड-दोन महिने सहज जातात. आमचं विमान तीन आठवड्यांवर होतं.

"आल्झो?" बाई पेन उचलून म्हणाल्या. "या ओडर नाइन?" हो की नाही, एवढंच.

"नाइन," मी म्हणालो.

त्यांनी चौकटीत खूण केली, सही केली, शिक्का मारला. दीड मिनिटाचं काम.

डोंगर पहिले तीन दिवस सोपा होता. जंगल, मग झुडपं, मग नुसते दगड. स्थानिक गाइडला जर्मन छान येत होतं. दिवसभर सगळ्यांना "पोले, पोले" म्हणजे हळूहळू चला म्हणायचा आणि दुपारी कॅम्पवर प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावायचा. चौथ्या दिवशी आम्ही चार हजार मीटरच्या वर पोचलो. ऊन होतं, वारा होता. बाबा एका दगडावर बसून बुटाची नाडी सोडत होते. एक गाठ सोडायची, हात मांडीवर ठेवायचे, श्वास घ्यायचा, मग दुसरी. ओठ जांभळट दिसत होते. गाइडनं चिमटी बघितली, पुन्हा लावली आणि मला म्हणाला, यांना विचार, छातीत काही होतंय का.

मी विचारलं. बाबा म्हणाले, "तसं काही नाही. जरा दमलोय इतकंच."

गाइड माझ्याकडे बघत होता. मी जर्मनमध्ये म्हणालो, "ते नाही म्हणतायत. पण होतंय. आधीपासून होतंय."

बाबांना जर्मन येत नव्हतं, पण गाइडचा चेहरा वाचता आला. त्यांनी सोडलेली नाडी परत बांधायला घेतली. "तुम्ही जा वर," ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमचं नको राहायला." मी गेलो नाही. एका सहायक गाइडला घेऊन आम्ही दोघं त्याच दुपारी उतरायला लागलो. मला राग आला होता. त्यांचा नाही, शिखर हुकल्याचा. आणि सासरा धापा टाकत असताना आपल्याला शिखर आठवतंय याची लाज वाटत होती. ती लाज अजून आहे. शिखर मी नंतर सहकाऱ्यांच्या फोनवर पाहिलं. एक लाकडी पाटी आहे आणि भरपूर आकाश.

उतरल्यावर बाबा सुधारले. म्युनिकला आल्यावर मी टर्मिनच्या भानगडीत न पडता त्यांचं परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. पुण्यात अँजिओग्राफी झाली, एक रक्तवाहिनी बरीचशी बंद निघाली, स्टेंट बसवली. आता ते रोज टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालतात.

स्टेंट बसवल्याचा फोन आला त्या रविवारी मी बायकोला दाखल्याच्या दिवशीचं दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना थांबली नाही. सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाली, "गेल्या दिवाळीत बाबा दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसले होते. दहा मिनिटं. आईनं मला फोनवर सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी बोलणारच होते. मला त्यांना पाठवायचंच नव्हतं," ती म्हणाली. "पण तू तो कागद घेऊन आलास. म्हटलं, जर्मन डॉक्टर आहे, नीट विचारूनच सही केली असेल."