धुऱ्याकडची माती

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कापसाच्या वेचणीत होतो. "शालू गेली," एवढंच ते म्हणाले... हातातलं बोंड हातातच राहिलं. त्याला आता दीड महिना होत आला.

शालूताई, माझी थोरली बहीण, समुद्राच्या तळाची माती तपासायची. विशीपर्यंत समुद्र न पाहिलेल्या महागावकडच्या पोरीनं हे काम धरावं, याचं गावाला हसू यायचं. सुट्टीत आली की ती सांगायची, आपल्या शेतातला गाळ नाल्यातून पूस नदीत, तिथून पैनगंगेत जातो, पुढे गोदावरीतून समुद्रात उतरतो आणि किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर बसतो. पण कायमचा बसत नाही, साचला की खोलाकडे सरकतो. एकदा त्यांनी तळाशी कॅमेरा सोडला होता. "दिव्यात पाह्यलं तं जमीनच उठून उभी राह्यली, रमेश. आन् चालाले लागली, खोल अंधाराकडे. आवाज काहीच नाही." आई म्हणायची, "जेवतानी नको सांगू वं माय."

कापसाचा भाव पडला त्या वर्षी मी उताराकडचा धुरा, माती अडवणारा बांध, फोडला. चार ओळी जास्त बसतील म्हणून बऱ्याच जणांनी फोडले होते, मीही फोडला. ताई संतापेल असं वाटलं होतं. ती नुसती तिथे बसली, चिमूटभर माती बोटांत चोळत राहिली.

"बांधशील ना पुन्हा?"

"बांधतो ना ताई, उन्हाळ्यात."

तसे किती उन्हाळे गेले! पावसागणिक रान खरडून जात राहिलं. तिनं एकदाही टोचून बोलू नये, याचाच मला राग यायचा.

गेल्या आठवड्यात तिचं कपाट आवरायला गेलो. समुद्राच्या मातीच्या बाटल्या ऑफिसनं नेल्या होत्या. खालच्या फळीवर एक रांग उरली होती. प्रत्येक बाटलीवर तिच्या अक्षरात 'धुऱ्याकडची' आणि साल. दर सुट्टीत तिनं ती माती कधी भरून नेली, मला कळलंसुद्धा नाही. पहिली बाटली काळीभोर, मग एकेक फिकट होत गेलेली, शेवटच्या भरलेल्या बाटलीत नुसता पिवळा मुरूम. त्या बाटलीपुढे एक रिकामी. चिठ्ठीवर पुढच्या वर्षाचं साल होतं. ते वर्ष आपण पाहणार नाही, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं.

काल धुऱ्याच्या जागी पहिला दगड ठेवला. तेव्हा पायाखालून काहीतरी हळूच सरकल्यासारखं वाटलं... मी पाय काढला नाही.